माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझ्या वर गेला

प्रश्न : ताई, माझं वय ३४. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून अंबडच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत लागलो, त्याला अकरा वर्षं झाली. आधी लाइनवर होतो, मग क्वालिटीत आलो. आमच्या प्लांटमध्ये सगळ्यात कमी रिजेक्शन माझ्या लाइनचं असतं. दांड्या मारत नाही, नाइट शिफ्टला नाही म्हणत नाही. या अप्रेजलला असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली आणि ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर असलेल्या मुलाला मिळाली. त्याला मायक्रोमीटर धरायला मी शिकवलंय. आता रोजचा रिपोर्ट मी त्याला पाठवतो. साहेबांच्या मागेपुढे करणं मला जमत नाही, एवढाच माझा गुन्हा. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. ते म्हणतात, टिकून राहा, तुझाही नंबर लागेल. बायको म्हणते, पगार वेळेवर होतोय, आहे त्यात समाधान मान. चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली आहे, महिन्याला बारा हजार जास्त. पण सिडकोतलं घर, मुलीची शाळा, बायकोची शाळेतली नोकरी, सगळं इथे. रविवारी मुलीला सोमेश्वरला फिरायला नेतो, तरी दुपार कलली की पोटात गोळा येतो. मी लायक नाही का? पुढे कसं जायचं आणि कामात आनंद कसा शोधायचा?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : लायकीचा प्रश्न आधी निकालात काढू. प्लांटमधलं सगळ्यात कमी रिजेक्शन ज्याच्या लाइनवर असतं त्याने स्वतःला हा प्रश्न विचारायचं कारण नाही. ही शंका तुमच्या मनात त्या प्रमोशनच्या पत्राने घातली. म्हणून ते पत्र कसं तयार होतं ते सांगते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षं काढली आणि अप्रेजलच्या बैठकांना बसले आहे.

त्या खोलीत ‘सगळ्यात चांगलं काम कोण करतो’ हा प्रश्न फार वेळ चालत नाही. चर्चा रिकाम्या खुर्चीची असते. कस्टमर अचानक प्लांटवर आला तर त्याच्यासमोर कोण उभा राहील? डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना लॉट थांबवायची वेळ आली तर प्रॉडक्शनवाल्यांशी हमरीतुमरी न होता कोण थांबवेल? साहेब आठवडाभर बाहेर गेले तर विभाग कोण सांभाळेल? अशा वेळी तुमच्यासारख्या माणसाचं नाव निघतं, सगळे मान हलवतात, कुणीतरी म्हणतं, ‘त्याच्या लाइनची काळजीच नाही’, आणि चर्चा पुढच्या नावाकडे जाते. हे वाक्य कौतुकाचंच असतं. पण त्याचा परिणाम उलटा होतो, कारण तुम्हाला तिथून हलवलं तर त्या लाइनचं काय, ही धास्ती साहेबांच्या मनात बसते. तुम्ही तुमच्या जागेवर इतके घट्ट बसला आहात की तिथून उचलणं त्यांना परवडत नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. त्या मुलाला मायक्रोमीटर धरायला तुम्ही शिकवलंत हे लिहिलंय, पण नंतरच्या वर्षांत तो काय काय करू लागला याबद्दल एक ओळही नाही. कस्टमर कंप्लेंटचे एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय टप्प्याटप्प्याने मांडणारे, कोण लिहितो? नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पीपॅपची फाइल कोण तयार करतो? ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं कोण देतो? या कामांत त्याचं नाव येत असेल, तर तो त्या खुर्चीचं काम आधीपासून थोडं थोडं करत होता. त्याला मागेपुढे करणं म्हणता येणार नाही. कुठल्याच कामात त्याचं नाव येत नसेल, त्याच्या नव्या कामातलं अवघड ते सगळं फिरून तुमच्याच टेबलावर येत असेल आणि त्याला निवडण्याचं एकही कारण साहेबांना सांगता येत नसेल, तर तुमचा संशय खरा असू शकतो. असे कारखाने आहेत, मी पाहिले आहेत. पण तपासल्याशिवाय तो निष्कर्ष मनात धरून बसू नका, कारण ‘मला मस्का मारता येत नाही’ म्हटलं की शिकण्यासारखं काहीच उरत नाही.

तुमच्या वडिलांच्या सल्ल्याचा मी आदर करते. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची, नोटप्रेस १९२८ सालची. तिथे आयुष्य काढलेल्या पिढीने सेवाज्येष्ठतेच्या यादीवर विश्वास ठेवला आणि तो विश्वास बहुतेकांच्या बाबतीत फळला. यादीत आपलं नाव कितवं हे प्रत्येकाला माहीत असायचं आणि वरचा माणूस निवृत्त झाला की खालचा सरकायचा. तुमच्या कंपनीत तशी यादीच नाही. अकरा वर्षं तुम्ही मनातल्या मनात एका रांगेत उभे आहात आणि साहेबांना अशी काही रांग आहे हेच ठाऊक नाही. म्हणून तो मुलगा पुढे गेला तेव्हा तुम्हाला वाटलं, मध्ये घुसला. वडिलांना हे जरूर सांगा. त्यांना ते समजेल आणि घरातून येणारं ‘नंबर लागेल’चं ओझंही थोडं कमी होईल.

आता तुमच्या कामाविषयी, कारण मला वाटतं दुखण्याचं मूळ तिथे आहे.

पंचवीस मिलिमीटरचा बोअर, म्हणजे पार्टमधलं गोल भोक, आणि एच-सेव्हन या दर्जाचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी मोकळीक फक्त २१ मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी. रात्री अडीच वाजता इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजायला लागतो, साइज एका बाजूला सरकायला लागते. तुम्ही दोन-तीन रीडिंग पाहता, तुमच्या लक्षात येतं, तुम्ही मशीन थांबवायला लावता, सेटर टूल बदलतो, पुन्हा फर्स्ट पीस पास होतो. सकाळी या सगळ्याची नोंद काय? रिजेक्शन नाही, कंप्लेंट नाही. रिपोर्टमध्ये शून्य दिसतं आणि त्या शून्यावर कुणाचंच नाव नसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवेत रोज पहाटे द्राक्षबागेत फिरून डावणी रोग येऊच न देणाऱ्या दिंडोरीच्या बागायतदाराला विचारा. ज्याच्या बागेत रोग आला आणि त्याने तो झुंजून आटोक्यात आणला, त्याची चर्चा गावभर होते. न आलेल्या रोगाबद्दल कोण बोलणार?

तेव्हा एक वही घाला. शिफ्ट संपताना पाच मिनिटं पुरतील. काय दिसलं, काय थांबवलं, किती पीस वाचले, आणि ते गेले असते तर काय झालं असतं, एवढंच लिहायचं. शेवटची गोष्ट रुपयांत लिहा. समजा चारशे पीसचा लॉट होता आणि एक पीस १८० रुपयांचा. म्हणजे ७२ हजारांचा माल. तो कस्टमरकडे पोचला असता तर तिथे सॉर्टिंगला दोन माणसं पाठवावी लागली असती, त्यांचा प्रवास आणि राहणं, बदली माल तातडीने पाठवायचं गाडीभाडं, आणि सप्लायर रेटिंगमध्ये गेलेले गुण वेगळेच. महिन्याच्या शेवटी या वहीतून एक पान काढा आणि साहेबांना पाठवा. कुणाची तक्रार नको, विशेषणं नकोत, फक्त नोंदी. मशीनचा आवाज बदललाय हे आधी ऑपरेटरने सांगितलं असेल तर त्याचं नाव त्या नोंदीत आलंच पाहिजे.

हे करायला तुम्हाला संकोच वाटेल, मला माहीत आहे. आपल्याकडे चांगल्या माणसाला लहानपणापासून शिकवतात की आपलं काम आपण सांगायचं नसतं. पण तुमच्या विभागात प्रत्येक गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर, कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, तारीख असते, सही असते. नोंद नसलेलं गेज तुम्ही स्वतः वापरू देत नाही. मग अकरा वर्षांचं काम बिननोंदीचं का ठेवायचं?

वही ही सुरुवात झाली. पुढच्या खुर्चीवर मात्र चूक पकडणाऱ्यापेक्षा ती पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था लावणाऱ्याला बसवतात. तुमच्या लाइनवरचा सतत त्रास देणारा एकच दोष निवडा आणि तीन महिने त्याच्या मागे लागा. रीडिंग काढा, चार्ट मांडा, सीपीके, म्हणजे माप मर्यादेत ठेवण्याच्या क्षमतेचा आकडा, १.३३ च्या खाली कुठे आणि कधी जातो ते शोधा, कारणाच्या मुळाशी जा आणि रिपोर्ट स्वतःच्या हाताने लिहा. तुमची कंपनी वाहन उद्योगाला माल देते, म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता-मानकाचं नाव तुम्हाला नवीन नाही. त्याच्या इंटर्नल ऑडिटरच्या ट्रेनिंगला कंपनी दरवर्षी कुणाला ना कुणाला पाठवत असेल. तुम्ही कधी मागितलंत? एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एसपीसी, एमएसए ही क्वालिटीच्या कामाची पाच कोअर टूल्स, म्हणजे मूळ पद्धती, नावाने माहीत असणं आणि त्यांवर दुसऱ्याला तासभर समजावून सांगता येणं यांत फरक आहे, आणि मॅनेजरच्या मुलाखतीत तोच विचारतात.

यानंतर साहेबांशी बोलायचं. जिन्यात, चहाच्या टपरीवर किंवा इन्क्रिमेंटचं पत्र मिळाल्याच्या दिवशी बोलू नका. वीस मिनिटांची वेळ मागून घ्या. त्या मुलाचं नाव काढायचं नाही, कितीही जिभेवर आलं तरी. नाव निघालं की साहेब आपल्या निर्णयाची बाजू मांडायला लागतात आणि तुमचं बोलणं तिथेच संपतं. एवढं म्हणा, ‘सर, पुढची असिस्टंट मॅनेजरची जागा निघेल तेव्हा माझ्या नावाचा विचार व्हावा अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी आज माझ्यात काय कमी दिसतं?’ आणि गप्प बसा. ते म्हणतील, ‘अरे, तुझं काम चांगलंच आहे.’ इथे बहुतेक माणसं आभार मानून उठतात. तुम्ही उठू नका. दुसरा प्रश्न विचारा, ‘माझ्या लाइनवर माझ्या जागी मी कुणाला तयार केलं, तर तुम्ही मला एखाद्या कस्टमरचं काम द्याल का?’ हा प्रश्न त्यांच्या मनातल्या धास्तीला थेट हात घालतो. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या मेलमध्ये लिहून त्यांना पाठवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा वेळ मागा.

खूप माणसं अकरा-अकरा वर्षं नोकरी करतात आणि मला वर जायचंय हे वाक्य एकदाही वरिष्ठांसमोर उच्चारत नाहीत. त्यांना वाटतं, साहेबांना दिसत असेलच. साहेबांना त्या दिवशी डिस्पॅच दिसत असतो.

आता आनंदाबद्दल. पुढे जाणं आणि आनंद हे तुम्ही एकाच वाक्यात विचारलंत, जणू पहिलं झालं की दुसरं आपोआप येईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो. त्या सुधारल्या की वैताग थांबतो, पण तेवढ्याने कामात गोडी येत नाही. गोडी येते ती काहीतरी साध्य होण्यातून, दखल घेतली जाण्यातून, जबाबदारीतून आणि खुद्द कामातून. या मांडणीवर नंतर आक्षेपही घेतले गेले. चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःला देतो आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे मुलाखतींतून असं चित्र निघणारच, असं काही संशोधकांचं म्हणणं. तरी तुमच्यासारख्याला तिचा उपयोग आहे. चाकणचे बारा हजार पहिल्या खात्यात जमा होतात. तुमचा गोळा मला दुसऱ्या खात्यातला वाटतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या २३८ कर्मचाऱ्यांकडून रोजच्या कामाच्या डायऱ्या लिहून घेतल्या. जवळपास बारा हजार नोंदी जमल्या. माणसाचा दिवस चांगला जातो तो कशाने, याचं त्यांतून निघालेलं उत्तर साधं होतं. आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात त्या दिवशी थोडी का होईना प्रगती झाली, तर. पुढे त्यांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारलं, माणसांना उत्साह कशाने येतो? प्रगतीला हातभार लावणं हे उत्तर त्यांच्या क्रमवारीत शेवटच्या जागी आलं. म्हणजे तुमचे साहेब काही जगावेगळे वाईट नाहीत. तुमच्या दिवसात प्रगती दिसते की नाही हे त्यांच्या लक्षातही येत नसेल. ती तुम्हालाच मांडून ठेवावी लागेल, आणि ते काम ती वही करेल. साहेबांना महिन्याला एक पान जाईल, बाकीची वही तुमच्यासाठी.

रविवारच्या गोळ्याचं नेमकं कारण शोधा. ‘ऑफिसचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. सोमवारची मीटिंग, त्या मुलाला पाठवायचा रिपोर्ट, की सहकाऱ्यांच्या नजरा? मला तिसऱ्याची शंका येते. आणि दुसरं, गेल्या आठवड्यात कुठल्या तासाला तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाही? तुमच्या संपूर्ण पत्रात अभिमान मला एकाच वाक्यात दिसला, मायक्रोमीटर धरायला शिकवल्याच्या. ते तुम्ही रागाने लिहिलंत, तरीही. तुम्हाला शिकवता येतं आणि ते आवडतं. आयटीआयची अॅप्रेंटिस मुलं दरवर्षी येतात. त्यांना गेज हाताळण्यापासून ड्रॉइंग वाचण्यापर्यंत शिकवायचं काम मागून घ्या, शिफ्टच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं. त्यातूनच तुमच्या लाइनवर तुमची जागा घेणारा तयार होईल, म्हणजे साहेबांना दिलेला शब्दही पाळला जाईल.

त्या मुलाशी एकदा बोला. त्याचं अभिनंदन अजून केलं नसेल तर करा. तोही अवघडलेला असणार, कालपर्यंत ज्याला दादा म्हणत होता त्याला काम कसं सांगायचं म्हणून. चारचौघांत, मीटिंगमध्ये त्याला अहो-जाहो करा. चहाला दोघेच असाल तेव्हा पूर्वीसारखं अरे-तुरे चालेल. हे तुम्ही आपणहून केलंत तर विभागातली कुजबुज आठवड्यात थांबेल आणि तुमचा सोमवार हलका होईल.

बायकोचं ‘समाधान मान’ तुम्हाला टोचलंय असं पत्रावरून वाटतं. मला त्यात दुसरं काही ऐकू येतं. तिला कदाचित जेवताना गप्प बसलेला नवरा दिसतोय. तिच्याशी पगाराविषयी कमी आणि या सगळ्याविषयी जास्त बोला.

शिक्षणाचं थोडक्यात. पुढच्या पदाला पदवीची अट आहे का ते एचआरला विचारा. असेल, तर इंजिनिअरिंगची पदवी घरबसल्या देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. दूरशिक्षणाने दिलेल्या अशा पदव्यांविरोधात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच कडक निकाल दिला आहे. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग घ्यायला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने कॉलेजांना परवानगी दिली आहे. नाशिकमध्ये कुठे असे वर्ग चालतात त्याची चौकशी करा. अट नुसत्या पदवीची असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाजवळच आहे.

आणि चाकण. बारा हजारांतून आधी पीएफची कपात जाईल. एकटे गेलात तर खोलीचं भाडं, मेस, आणि दर आठवड्याला सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर करत चार-पाच तासांचा प्रवास, जाताना आणि येताना. सगळे गेलात तर बायकोचा पगार थांबेल आणि मुलीची शाळा बदलेल. कागद घ्या, दोघांनी बसून मांडा. माझा अंदाज, हातात फार थोडं उरेल. पण पैशांपेक्षा मी पदाकडे पाहीन. तिथेही लाइनवरच्या क्वालिटी इंजिनिअरचीच जागा असेल, तर तीन वर्षांनी हेच पत्र तुम्ही चाकणहून लिहाल. असिस्टंट मॅनेजरचं पद, हाताखाली माणसं आणि एखाद्या कस्टमरची थेट जबाबदारी मिळत असेल, तर मी ती ऑफर गंभीरपणे घेईन, हातात कमी उरलं तरी. पद, कुणाला रिपोर्ट करायचं, प्रोबेशन आणि नोटीस पिरियड, हे सगळं त्यांच्याकडून लेखी मागा. नोकरी बदललीच तर अकरा वर्षांचा पीएफ काढून खाऊ नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, ट्रान्स्फर करून घ्या. आणि ऑफरचं पत्र दाखवून इथल्या साहेबांना कोंडीत पकडू नका. पगार वाढेल कदाचित, पण पुढच्या बैठकीत ‘तो कधीही जाईल’ असं कुणीतरी म्हणेल.

मधला पर्यायही पाहा. सिन्नर आणि गोंदे तुमच्या घरापासून तीसेक किलोमीटरच्या आसपास आहेत, दिंडोरीकडे अक्राळे-तळेगावची वसाहत वाढते आहे. या भागातल्या कंपन्यांत तुम्ही शेवटचा बायोडेटा कधी पाठवला होता? वाहन उद्योगातला अकरा वर्षांचा क्वालिटीचा माणूस, तोही नाशिकचा, घर इथे असलेला, अशा माणसाच्या शोधात असलेल्या विभागप्रमुखांना मी ओळखत आले आहे. चाकणवाल्यांकडे उत्तरासाठी पंधरा दिवस मागा, बहुतेक देतात. त्या पंधरा दिवसांत दोन-तीन अर्ज इथे जाऊ द्या, आणि त्याच्याही आधी, येत्या दोन-चार दिवसांत, साहेबांकडे त्या वीस मिनिटांची वेळ मागा.